यंत्र तेच, पण आतला प्रोग्रॅम कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या भागात आपल्या दैनिकाचं बाजारभावाचं पान पहिलं उघडलं जातं. सौद्यात काय दर निघाला, हिरव्या मालाला किती, पिवळ्याला किती, कोल्ड स्टोरेजला किती माल पडून आहे, यावर घरोघरी बोलणं होतं. हाच माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी शेवटी ज्या यंत्रातून जातो, त्या मेटल डिटेक्टरविषयी मात्र छापून आलेलं माझ्या वाचनात नाही. मी तासगाव भागातल्या एका बेदाणा प्रक्रिया केंद्रात १७ वर्षं गुणवत्ता विभागात काम करते. त्यातली ११ वर्षं मेटल डिटेक्टरची नोंदवही माझ्याकडे आहे. त्या वहीत एक रकाना नव्हता, यंत्रातल्या प्रोग्रॅमच्या व्हर्जनचा, म्हणजे आवृत्तीच्या आकड्याचा. तो नसल्यामुळे आमच्याकडून काय निसटलं, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. बेदाणा असो, मसाले असोत, पापड, फरसाण, दुधाची पावडर, काहीही पॅक करणाऱ्या माझ्यासारख्या लोकांनी ते वाचावं अशी इच्छा आहे.

बेदाण्यात धातू येतो कुठून, असं पुष्कळ जण विचारतात. माझे वडील द्राक्षबागायतदार. लहानपणापासून पाहत आले आहे, द्राक्षाचा सगळा जन्म तारेवर जातो. बागेत वेल तारेवर चढवलेला असतो. तोडलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडवर टाकतात, तिथंही जाळीच्या एकावर एक थरांना आधार तारेचाच. तार गंजते, तुटते. पक्कडीनं छाटताना तुकडा उडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सुकलेला माल जाळीवरून झाडून काढताना तो तुकडा बेदाण्यात येतो. आमच्याकडे पुढे चाळण्या आहेत, चुंबक आहेत, खडे काढणारं यंत्र आहे, रंग पाहून निवडणारं यंत्र आहे, आणि सगळ्यात शेवटी बायकांचे हात आहेत. एवढ्यातून जे राहील ते मेटल डिटेक्टरनं पकडायचं. त्याच्या पुढे फक्त टेम्पो असतो.

आमचं यंत्र १५ किलोच्या बॉक्ससाठी आहे. बॉक्सला पिन मारत नाही, चिकटपट्टी लावतो, कारण पिन हाही धातूच. बेल्टवरून बॉक्स एका चौकटीतून जातो. चौकटीच्या आत तीन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. मधली सतत लहरी सोडते, तिच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर दोन कॉइल त्या लहरी घेतात. या दोन्ही एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे एरवी त्यांची बेरीज शून्य येते. धातूचा तुकडा एकीजवळ आला की तो तोल बिघडतो, यंत्राला कळतं, भोंगा वाजतो, आणि थोडं पुढे बसवलेला हवेवर चालणारा पुशर तो बॉक्स बाजूला ढकलतो. लोखंड लवकर सापडतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम त्यानंतर. स्टेनलेस स्टील सगळ्यात अवघड. म्हणून आमचे टेस्ट पीस, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवलेले गोळे, लोखंडाचा २.५ मिलिमीटर, पितळेचा ३ आणि स्टेनलेसचा ४ असे आहेत. चौकट जितकी मोठी तितकी तिची नजर जाड होते, त्यामुळे लहान पाकिटांच्या यंत्रावर याहून बारीक गोळे चालतात.

बेदाणा स्वतःही थोडा सिग्नल देतो. त्यात ओल असते, क्षार असतात. कोल्ड स्टोरेजमधून नुकताच आलेला गार बॉक्स आणि दिवसभर हॉलमध्ये राहिलेला बॉक्स यंत्राला वेगवेगळे दिसतात. मालाचा सिग्नल कुठला आणि धातूचा कुठला, हे ठरवायचं काम कॉइल करत नाही. ते काम यंत्राच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात भरलेला प्रोग्रॅम करतो. त्यालाच फर्मवेअर म्हणतात. किती सिग्नलला धातू म्हणायचं, कधी दुर्लक्ष करायचं, पुशर किती वेळानं मारायचा, सगळं तो ठरवतो. प्रोग्रॅम बदलला म्हणजे बाहेरून तेच यंत्र दिसत असलं तरी आत वेगळा माणूस बसला, असं मी आता आमच्या मुलींना सांगते.

मागच्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि आमच्या डिटेक्टरचा मुख्य बोर्ड गेला. सर्व्हिस इंजिनियर दुसऱ्या दिवशी आला. नवीन बोर्ड बसवला, सेटिंग भरली, तिन्ही टेस्ट पीस घातले, तिन्ही वेळा बॉक्स बरोबर बाहेर पडला. रिपोर्टवर एक ओळ लिहिली, "बोर्ड बदलला, चाचणी ठीक." मी सही केली. ती सही करताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, हे मला आज कळतं. मेनूमधल्या दोन गोष्टींचा क्रम माहितीपुस्तिकेपेक्षा वेगळा दिसला होता. नवीन बोर्डचं रूप जरा निराळं असेल, एवढंच मला वाटलं.

त्यानंतर २३ दिवस दर तासाला चाचणी झाली. वही स्वच्छ. चोविसाव्या दिवशी दुपारी भोंगा वाजला, पुशरनं एक बॉक्स ढकलला. आमची पद्धत अशी की ढकललेला बॉक्स तीनदा परत चालवायचा. तीनदा चालवला, एकदाही भोंगा नाही. उघडून ट्रेमध्ये पसरला, चुंबक फिरवला, काही नाही. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, उगाच वाजला असंल. थंड माल हाय." मीही तेच लिहायला पेन उचललं होतं. तेवढ्यात निवडीच्या टेबलावरच्या एक मावशी, ३० वर्षं बेदाणा हाताळलेल्या, म्हणाल्या, "ताई, ह्यात न्हाई तर ह्याच्या म्होरं गेला त्यात बघा की."

पुढं गेलेला बॉक्स थप्पीवर चढला होता. उतरवला, चालवला. भोंगा वाजला, आणि पुशरनं त्याच्या मागचा रिकामा बेल्ट ढकलला. त्या बॉक्सच्या मागच्या कडेला, पिशवीच्या घडीत, जस्त चढवलेल्या लोखंडी तारेचा जेमतेम दोन सेंटिमीटरचा तुकडा होता. डिटेक्टरनं तो पाहिला होता. फक्त चुकीचा बॉक्स बाहेर काढला होता. तो तुकडा हातात घेतला तेव्हा मला घरच्या शेडची तार आठवली आणि माझ्या पोटात गोळा आला.

फोनवर इंजिनियरनं पहिला प्रश्न विचारला, "व्हर्जन किती आहे?" उत्तर कुणालाच देता येईना. स्क्रीनवर कोपऱ्यात एक आकडा होता तो सांगितला. "तो डिस्प्लेचा. डिटेक्शन बोर्डचा सांगा." एकाच यंत्रात दोन बोर्ड आणि दोन वेगळे प्रोग्रॅम असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग तो म्हणाला, जुन्या बोर्डचा तरी सांगा. ऑफिसच्या संगणकात यंत्रांची यादी आहे, त्यात ३.१ लिहिलेलं होतं. त्यानं ३.१ च्या हिशेबानं शोध सुरू केला आणि आमचा अर्धा दिवस गेला. संध्याकाळी यंत्र बसवलं त्या वेळचा मूळ कागद फायलीत सापडला. त्यावर ३.१० होतं. संगणकातल्या तक्त्यानं शेवटचं शून्य खाल्लं होतं. आपण शाळेत शिकलो की ३.१० आणि ३.१ एकच. व्हर्जनमध्ये तसं नसतं. तिथं टिंबाच्या उजवीकडचा आकडा स्वतंत्र मोजतात, ३.९ नंतर ३.१० येतो, आणि ३.१ त्या सगळ्यांच्या आधीचा असतो. हा रकाना संगणकात भरणाऱ्यांनी तो आकडा म्हणून न भरता अक्षरं म्हणून भरावा. एवढ्या एका गोष्टीनं आमचे पाच तास वाचले असते.

नव्या बोर्डमध्ये ४.०२ होतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये पुशरची वेळ बॉक्सच्या पुढच्या कडेपासून मोजली जायची. चौकटीच्या तोंडाशी फोटोसेल, म्हणजे बॉक्स समोर आला की प्रकाशावरून ओळखणारा डोळा, आहे, बॉक्सची कड त्याच्यासमोर आली की मोजणी सुरू. त्यामुळे तुकडा बॉक्समध्ये कुठेही असला तरी तोच बॉक्स बाहेर पडायचा. नव्या प्रोग्रॅममध्ये फोटोसेलची ही सोय वेगळी चालू करावी लागते. ती बंद राहिली, आणि यंत्र धातू दिसल्या क्षणापासून वेळ मोजू लागलं. आमचा टेस्ट पीस नेहमी बॉक्सच्या मध्यावर ठेवलेला. इंजिनियरनं वेळ त्यावरच जुळवली होती, म्हणून मध्यावरचा प्रत्येक तुकडा पास. मागच्या कडेचा तुकडा उशिरा दिसणार, पुशर उशिरा सुटणार, आणि मागचा बिचारा चांगला बॉक्स बाहेर जाणार. भोंगा खरा होता, चाचण्या खऱ्या होत्या, माझी वही खरी होती.

त्या २३ दिवसांतला जो माल कोल्ड स्टोरेजला होता, १,२६० बॉक्स, तो सगळा परत काढून चालवला. दोन दिवस लागले. जो गेला होता त्याबद्दल मालकांनी त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला आणि त्यांनी त्यांच्या यंत्रावर तो पुन्हा तपासला. आणखी तार निघाली नाही. मालकांनी फोन करायला मागेपुढे पाहिलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक धोरणात ७ ते २५ मिलिमीटर लांबीचे कठीण किंवा टोकदार तुकडे खाण्याच्या पदार्थात धोकादायक धरले आहेत. आमचा तुकडा नेमका त्या मापातला होता. एखाद्या लहान मुलाच्या हातावर मूठभर बेदाणा ठेवताना आई तो चिवडून बघत नाही.

आता व्हर्जन ओळखायचं कसं, ते माझ्या अनुभवातून सांगते, कारण यंत्रावरच्या मॉडेलच्या नावावरून ते कळत नाही. एकाच मॉडेलची, एकाच रंगाची, शेजारी शेजारी उभी असलेली दोन यंत्रं वेगळ्या प्रोग्रॅमवर चालत असू शकतात. अनुक्रमांकावरून फार तर कारखान्यातून निघताना आत काय होतं ते कळेल, नंतर बोर्ड बदलला असेल तर तेही नाही. आमच्या यंत्रावर सकाळी वीज चालू केली की चार-पाच सेकंद एक पडदा येतो आणि जातो. त्यावर दोन्ही बोर्डांचे आकडे असतात. ११ वर्षं तो पडदा रोज माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मी तो कधी वाचला नाही. आता सुपरवायझर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेतो आणि मग सावकाश थांबवून वाचतो. काही यंत्रांत ही माहिती मेनूत असते, काहींत सर्व्हिसच्या मेनूत पासवर्डमागे. छापील अहवाल निघत असेल तर त्याच्या डोक्यावर कधी कधी हा आकडा असतो. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावरही ती कोणत्या व्हर्जनसाठी आहे ते बरेचदा दिलेलं असतं. ती आणि यंत्र जुळत नसतील, तर तुमच्या हातातली पुस्तिका दुसऱ्याच यंत्राची आहे असं समजून चाला. मेनूचा क्रम वेगळा दिसणं हीच मोठी खूण. मला ती दिसली होती.

आमच्याकडे छोट्या पाकिटांसाठी एक फार जुना डिटेक्टर आहे. त्याला असा पडदाच नाही. त्यातल्या बोर्डवर एक चिप आहे, तिच्यावर कागदाचा स्टिकर आणि स्टिकरवर हातानं लिहिलेलं व्हर्जन. वीज बंद करून इंजिनियरसमोर उघडलं तेव्हा मी तो स्टिकर नीट वाचता यावा म्हणून सोलायला गेले, तर त्यानं माझा हात धरला. त्या चिपला वर काचेची खिडकी असते आणि अतिनील प्रकाशानं आतला प्रोग्रॅम पुसला जातो. स्टिकर ती खिडकी झाकायला असतो. कुणाकडे अशी जुनी यंत्रं असतील तर स्टिकरचा फोटो काढा, सोलू नका.

आमच्या वहीत आता तारीख, वेळ, तीन टेस्ट पीस यांच्या आधी दोन रकाने आहेत, डिस्प्लेचं व्हर्जन आणि डिटेक्शन बोर्डचं व्हर्जन. रोज सकाळी भरतो. कालच्यापेक्षा वेगळा आकडा आला तर लाइन सुरू करत नाही. टेस्ट पीसही आता बॉक्सच्या पुढच्या कडेला, मध्यावर आणि मागच्या कडेला असा तिन्हीकडे ठेवतो, आणि लागोपाठच्या दोन बॉक्समध्ये दोन तुकडे ठेवून दोन्ही बाहेर पडतात का तेही पाहतो. तार ही गोळ्यासारखी नसते. लोखंडी तार बेल्टच्या दिशेनं लांब पडली असेल तर सहज सापडते, आडवी पडली तर अवघड जाते. स्टेनलेसच्या तारेचं याच्या उलट. म्हणून २.५ चा गोळा सापडला की २.५ ची प्रत्येक तार सापडेल, असं धरून चालू नये.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. आमच्याच हॉलमध्ये डिटेक्टरपासून दहा पावलांवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे. वैधमापन शास्त्र विभागाचा माणूस येतो, काटा तपासतो, सील लावतो, शिक्का मारतो, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. सील तुटलं तर काटा वापरता येत नाही. वजनकाट्यांसाठीच्या आर ७६ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत काट्याच्या सॉफ्टवेअरला ओळख हवी आणि ती पाहता यायला हवी, असंही सांगितलेलं आहे. १५ किलोच्या बॉक्समध्ये ५० ग्रॅम कमी भरले तर गिऱ्हाइकाचे काही रुपये जातात, त्यासाठी एवढी व्यवस्था आहे, आणि ती असायलाच हवी. मग ज्या यंत्रावर कुणाचा घसा, कुणाचं आतडं अवलंबून आहे, त्याचा बोर्ड बदलून एका ओळीच्या रिपोर्टवर काम कसं भागतं? आमच्याकडे तपासणीला आलेल्या प्रत्येकानं टेस्ट पीसचं प्रमाणपत्र मागितलं, वही चाळली, माझ्यासमोर चाचणी करून घेतली. व्हर्जन कुणीही विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाही, मलाही सुचलं नव्हतं. पण आता विचारावं. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, परवान्याचे नियम २०११ चे. कागद भरपूर वाढले आहेत, त्यात हा एक रकाना जड नाही.

यंत्रं बनवणाऱ्यांनाही विनंती आहे. व्हर्जन पासवर्डमागे ठेवू नका. बदलण्याचा अधिकार तुमच्याकडे राहू द्या, पण वाचण्याचा अधिकार मशीनवर उभ्या असलेल्या मुलाला द्या. चालू होतानाचा पडदा चार सेकंदांऐवजी बटण दाबेपर्यंत थांबू द्या. सर्व्हिस रिपोर्टवर "आधीचं व्हर्जन" आणि "नंतरचं व्हर्जन" असे दोन चौकोन छापा आणि नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं ते मराठीत अर्ध्या पानावर लिहून द्या. आमच्या लाइनवर काम करणारी बहुतेक माणसं दहावी-बारावी झालेली आहेत. त्यांना समजेल असं लिहिलं तर ती नीट वाचतात, हे मी रोज पाहते.

यंदाचा माल फेब्रुवारीपासून येईल. त्याआधी आमच्या भागातल्या प्रत्येक केंद्रानं एका सकाळी डिटेक्टर बंद करून पुन्हा चालू करावा, तो पडदा वाचावा आणि आकडे शून्यासकट जसेच्या तसे लिहून ठेवावेत. आमच्या चौकटीवर मी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहेत, आणि बोर्ड पुन्हा बदलला तर कुणाला आधी फोन करायचा ते खाली लिहिलं आहे. ज्या मावशींनी तो बॉक्स शोधायला लावला, त्यांनाही मी ते आकडे दाखवले. आता सकाळी चालत येताना त्या थांबून पडद्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळतो का ते बघून मगच टेबलाकडे जातात.

आपली,
एक वाचक,
गुणवत्ता पर्यवेक्षक, बेदाणा प्रक्रिया केंद्र,
तासगाव, जि. सांगली

(नोकरीच्या कारणास्तव नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)